शेडवाले मामा

पुण्यातल्या प्रत्येक घराला एक कोकणातला, एक अमेरिकेतला आणि एक एमआयडीसीतला नातेवाईक असतो. कोकणातला आंबे पाठवतो, अमेरिकेतला फोटो पाठवतो. एमआयडीसीतला काहीच पाठवत नाही, कारण त्याचं पेमेंट अडकलेलं असतं.

आमच्या घराण्यात ही जागा मामांनी सांभाळली आहे. भोसरीला त्यांची शेड आहे. शेड म्हणजे वर सिमेंटचे पत्रे, आत दोन जुनी लेथ, एक ड्रिल, एक सीएनसी, एक व्हीएमसी आणि कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये गणपती, फॅन आणि न निघालेल्या बिलांची फाइल. या शेडमुळे सगळे त्यांना शेडवाले मामा म्हणतात. दुसरे एक मामा बँकेत होते, पण त्यांना कुणी बँकवाले मामा म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही.

शेडवाल्या माणसाची पहिली खूण म्हणजे त्याचा रविवार गुरुवारी असतो. भोसरी-चिंचवडला औद्योगिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे सगळं जग घरी असतं तेव्हा मामा शेडमध्ये, आणि सगळं जग कामावर गेलं की मामा पाहुणे म्हणून हजर. आमच्या घरी ते गुरुवारी सकाळी अकराला येतात, कुलूप बघतात, शेजारच्या काकूंकडे चहा घेतात आणि संध्याकाळी फोन करतात, "तुम्ही लोक घरात कधी असता रे?" रविवारच्या लग्नात ते अक्षता संपता संपता पोचतात. शर्ट इस्त्रीचा, बूट चकचकीत आणि नखांत काळं ऑइल. ते ऑइल कुठल्याच साबणाला दाद देत नाही, आणि आता मामींनीही त्याचा नाद सोडलाय.

दुसरी खूण, खिशातलं व्हर्नियर. डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो तो निदान दवाखान्यापुरता. मामांचं व्हर्नियर लग्नमुंजीतही बरोबर असतं. हॉटेलात डोसा आला की आधी त्याची जाडी. भाचीच्या साखरपुड्यात अंगठी बोटात जाईना, तेव्हा गुरुजी मंत्र थांबवून बघत राहिले आणि मामांनी नवऱ्या मुलाचं बोट मोजून जाहीर केलं, "अर्धा एमएम ओव्हरसाइज. अंगठीचा दोष नाही." हल्लीची पोरं मायक्रॉनमध्ये बोलतात. मामा अजून सूत आणि थाऊमध्ये बोलतात, पण मशीनपुढे उभे राहिले की मायक्रॉनही त्यांचं ऐकतो.

या माणसाच्या हातची खरी कारागिरी पाहायची असेल तर आमच्या नात्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात जा. प्रत्येक भाचीला लग्नात मामांकडून पितळी सोऱ्या मिळतो. उरलेल्या पितळी बारमधून स्वतः लेथवर टर्न केलेला. आटे असे की दांडा एका बोटाने फिरावा. चकलीच्या चकतीचं चांदणीचं भोक मात्र मशीनवर होत नाही. ते मामा रात्री केबिनमध्ये बसून बारीक कानशीने घासतात, उजेडासमोर धरतात, पुन्हा घासतात. चांदणीच्या प्रत्येक टोकाची बर काढलेली. त्या सोऱ्यातून पडलेल्या चकलीला काटे इतके एकसारखे येतात की ती विकतची वाटते, आणि मामींना त्याचाच राग येतो.

आता मामांचा विषय. इतरांचे मामा क्रिकेटवर बोलतात, राजकारणावर बोलतात. आमचे मामा औद्योगिक धोरणावर बोलतात. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे या प्रवचनाचा कायमचा श्रोता मीच. सुरुवात ठरलेली असते.

"भाच्या, कोरियाकडे बघ."

भाजी महागली तरी कोरिया, रस्त्यात खड्डा पडला तरी कोरिया. 1960 साली दक्षिण कोरिया आपल्याच पंक्तीला बसलेला गरीब देश होता आणि आज तो कुठे आहे, हे ते इतक्या कळवळ्याने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, मामांच्याच हिश्शाची जमीन कोरियाने बळकावली. "काय विकत होते माहितेय तेव्हा? केसांचे टोप! बायकांचे केस गोळा करून टोप बनवायचे आणि अमेरिकेला पाठवायचे." हे सांगताना मामा नकळत स्वतःच्या टकलावरून हात फिरवतात. "टोपापासून सुरुवात केली आणि 1973 ला पोहांगचा पोलाद कारखाना चालू. 1975 ला स्वतःची गाडी, पोनी. आणि आपण? आपण तेव्हा स्कूटरचं बुकिंग करून नंबर लागायची वाट बघत होतो."

मी शिक्षक असल्यामुळे गप्प बसवत नाही. मी सांगतो की मामा, कोरियात त्याआधी जमीनवाटप नीट झालं होतं, पोरं शाळेत जात होती, अमेरिकेची मदत होती आणि वर लष्करशहा बसला होता. मामा सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "ते तू तुझ्या पोरांना सांग. मला एवढंच माहिती आहे की तो पार्क चुंग ही दर महिन्याला निर्यातीची बैठक घ्यायचा आणि स्वतः बसायचा. स्वस्त कर्ज द्यायचा, पण आकडा मागायचा. आकडा नाही, तर पुढचं कर्ज नाही. म्हणजे काय? द्यायचं, पण मोजून घ्यायचं." इथे व्हर्नियर खिशातून बाहेर येतं. "आपल्याकडे दिलं सगळ्यांना. मोजलं कुणी?"

या एका वाक्यात मामा पाठ्यपुस्तकाची चाळीस पानं उरकतात, हे मला वर्गात कबूल करता येत नाही. पण मामा ज्या काळाला शिव्या घालतात त्याच काळाचं त्यांनी मीठही खाल्लं आहे, आणि तो भाग प्रवचनात कधीच येत नाही. सरकारने 1967 साली काही वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखून ठेवायला सुरुवात केली. पहिली यादी 47 वस्तूंची. 1978 मध्ये ती 504 वर गेली आणि पुढे आठशेच्याही पलीकडे. हेतू चांगला होता. मोठ्यांनी लहानांना गिळू नये. त्या यादीत लोणचं होतं, पाव होता, मेणबत्त्या, कुलपं आणि रोलिंग शटरसुद्धा. शेड टाकली तेव्हा मामा टर्निंगच्या कामाला जोड म्हणून रोलिंग शटर बनवायचे. मोठी कंपनी त्यात उतरू शकत नव्हती, त्यामुळे गिऱ्हाईक जाणार कुठे? त्या काळातलं मामांचं शटर सकाळी उघडलं की अख्खी गल्ली जागी व्हायची. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर मामा म्हणायचे, "चोराला पण आवाज येईल ना!" सोऱ्याच्या भोकासाठी रात्र जागवणारा हाच माणूस. सोऱ्या भाचीकडे जायचा आणि शटर बाजारात, एवढाच फरक.

यादीतल्या शेवटच्या वीस वस्तू 2015 साली निघाल्या. मामांनी त्याच्या कितीतरी आधीच शटर सोडून गाड्यांचे भाग धरले होते. 24 जुलै 1991 ला लायसन्सचं राज्य बहुतेक उद्योगांपुरतं संपलं. मग बाहेरच्या गाड्या आल्या, आणि मोठ्या कंपन्यांचे खरेदीवाले लोक शेडमध्ये येऊन रिजेक्शन विचारायला लागले. मामा सांगतात, "पहिल्या वर्षी शंभरातल्या अकरा पिना परत आल्या. मी तीन रात्री झोपलो नाही." आता लाखात किती परत येतात ते मोजतात. शटरची किरकिर बंद झाली आणि तेव्हापासून मामांची सुरू झाली.

लहान राहण्याचं शास्त्र मात्र मामांकडून शिकावं. वीज वापरणाऱ्या कारखान्यात दहा कामगार झाले की कारखाने कायदा लागू व्हायचा. म्हणून मामांकडे कामगार नऊ. दहावा माणूस गावाकडून आलेला पाहुणा असे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी लेथपाशी उभ्या असलेल्या पाहुण्याला पाहिलं आणि विचारलं, "पाहुणे आहेत, तर हाताला ग्रीस कसं?" मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्याकडे पाहुण्यालाही रिकामं बसवत नाहीत." साहेबही कुणाचे तरी मामा असावेत. हसले, चहा प्यायले, गेले.

तसंच अबकारी करातल्या सवलतीचं. वर्षाला दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला ती मिळायची, म्हणून एकाच शेडच्या दारावर तीन पाट्या. एक मामांची, एक मामींची, एक आजीची. आजी घरी तुळशीपुढे जप करायची आणि कागदोपत्री वर्षाला काही लाख बुश बनवायची. सुना तिला गमतीने प्रोप्रायटर म्हणत. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि पाट्या उतरल्या. महाराष्ट्राने दहा कामगारांची मर्यादा वीसवर नेली, तरी मामा आजही नऊवरच थांबतात. विचारलं तर म्हणतात, "सवय." आपल्या देशात चार माणसांचे कारखाने आहेत, चार हजारांचे आहेत, मधले का नाहीत, असा प्रश्न माझ्या क्षेत्रातले विद्वान परिषदांमध्ये विचारतात. मला त्यांना एकदा भोसरीला न्यायचंय. गुरुवार सोडून.

मामा मूळचे करमाळ्याकडचे. 1972 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी कामावर खडी फोडली आहे आणि सुकडी खाल्ली आहे. पुढे औंधच्या आयटीआयला टर्नरचा कोर्स, एका मोठ्या कंपनीत ॲप्रेंटिस, तिथेच नोकरी, आणि मग फंडाचे पैसे अधिक मामींच्या पाटल्या बरोबर एक जुनं एचएमटी लेथ. आर्थर लुईस नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1954 साली मांडलं की शेतीत अडकलेलं जादा मनुष्यबळ कारखानदारीकडे सरकतं आणि देश बदलतो. याचं नोबेलही त्यांना मिळालं. मी फळ्यावर डावीकडे 'शेती' आणि उजवीकडे 'उद्योग' लिहून मध्ये बाण काढतो, असं मामांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "तो बाण एसटीच्या लाल डब्यातून आला, भाच्या. मागच्या सीटवर, पत्र्याची ट्रंक मांडीवर घेऊन."

पण बाण पुढे भलतीकडे वळला. मामांचा मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका जर्मन गाडीच्या आतल्या स्क्रीनचं काम करतो. "हा गाडीचा पडदा करतो आणि मी गाडीची पिन," मामा सांगतात. "पडद्याला जास्त पैसे मिळतात. गाडी मात्र पिनेवर चालते." मराठी पोरांनी कारखानदारीत यावं, सगळे खुर्चीत बसले तर वस्तू करणार कोण, यावर मामांनी गणेशोत्सवात भाषण केलं. खाली उतरल्यावर मी विचारलं, मग मुलाला शेडमध्ये का नाही घेतलं? मामा जरा वेळ गणपतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याला ऑइलची ॲलर्जी आहे." कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची फी याच शेडमधून भरली गेली, हे मामींनी हळूच सांगितलं.

शेडमध्ये आता बिहारची आणि ओडिशाची पोरं आहेत. मामा त्यांच्याशी जे हिंदी बोलतात ते फक्त त्यांनाच कळतं. "वो जॉब चक में नीट पकड, नहीं तो भिरकावेगा." आयटीआय झालेला आपल्याकडचा एखादा पोरगा येतो, चार दिवस कूलंटचा वास घेतो आणि पाचव्या दिवशी जेवण पोचवणाऱ्या कंपनीचा टी-शर्ट घालून शेडसमोरून मोटरसायकल नेतो. मामा त्याला हात करतात. चिडत नाहीत. "उन्हात फिरतो बिचारा," म्हणतात.

खंडेनवमीला मात्र शेडचं देऊळ होतं. आदल्या दिवशी मशीन डिझेलने पुसतात, जमिनीवरचा कीस खरवडून काढतात. सकाळी झेंडूच्या माळा, चकवर स्वस्तिक, टूलपोस्टपुढे नारळ. मान त्या जुन्या एचएमटीचा. त्याच्यावर आता फारसं काम निघत नाही, जागा मात्र भरपूर अडते. भंगारवाला दर दिवाळीला विचारून जातो आणि मामा दर दिवाळीला त्याला चहा पाजून परत पाठवतात. व्हीएमसीची पूजा एका वर्षी मामींनी जरा सढळ हाताने केली, कुंकू पॅनेलच्या बटणांत गेलं आणि मशीन दोन दिवस बंद. तेव्हापासून व्हीएमसीला कुंकू लांबूनच दाखवतात.

सरकारी घोषणांवर मामांचं बारीक लक्ष असतं. 2011 च्या धोरणात म्हटलं होतं की देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा 2022 पर्यंत 25 टक्के करायचा. तो वाटा पंधरा टक्क्यांच्याच आगेमागे घुटमळत राहिला. हे ऐकून मामांनी एकच प्रश्न विचारला, "टॉलरन्स किती दिला होता?" 2020 मध्ये उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची योजना आली, चौदा क्षेत्रं आणि जवळपास दोन लाख कोटी. मामांनी अटी चष्मा लावून वाचल्या. "कल्पना कोरियाचीच आहे. आधी माल काढा, मग पैसे. शाबास." मग किमान गुंतवणुकीचा आकडा आला आणि त्यांनी कागद घडी करून गणपतीमागे ठेवला. विजेच्या गाड्यांवरचं त्यांचं मत याहून छोटं आहे. "पिस्टनच नाही, तर पिन कुणाला?" हे म्हणताना मात्र आवाज खाली येतो.

आणि मग कोरियाच दारात आला. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडला होता. तो ह्युंदाईने विकत घ्यायचा करार 2023 साली झाला. मामांनी पेपरातलं कात्रण केबिनच्या काचेला लावलं, आणि सगळ्यांना "अन्न्योंग हासेयो" म्हणायला लागले. मामींनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ठसका लागला असं समजून पाणी आणून दिलं. पुढे एका कोरियन पुरवठादाराकडून खरंच चौकशी आली. ऑडिटला एक तरुण मुलगी आली, मराठीच, नुकती इंजिनिअर झालेली. मामांनी तिला कोरियाच्या प्रगतीचा इतिहास सांगायला घेतला. तिने तो नम्रपणे ऐकला आणि मग हात पुढे केला. "काका, ते व्हर्नियर बघू?"

तिने आपल्याजवळच्या प्रमाणित ठोकळ्यावर ते लावलं. पुन्हा लावलं. मग म्हणाली, "हे जवळजवळ दोन थाऊ चुकीचं दाखवतंय. शेवटचं कॅलिब्रेशन कधी केलं होतं?"

शेडमध्ये कॉम्प्रेसरशिवाय कशाचाही आवाज नव्हता. नऊ कामगार आणि एक पाहुणा मान खाली घालून पिना पुसत होते. मुलगी गेल्यावर मामांनी जाहीर केलं, "हे लोक फार काटेकोर आहेत रे." कोरियाबद्दलची त्यांची ही पहिली आणि शेवटची तक्रार. दोन दिवस कोरियाचं नाव निघालं नाही. तिसऱ्या दिवशी व्हर्नियर लॅबला गेलं, दुरुस्त होऊन सर्टिफिकेट घेऊन आलं, आणि आता त्यावर एक हिरवा स्टिकर आहे. मामा तो पाहुण्यांना दाखवतात. त्या मुलीबद्दल म्हणतात, "पोरगी हुशार आहे. अशी दहा पोरं उद्योग खात्यात बसवा आणि बघा." चुकीच्या व्हर्नियरने मोजलेल्या नवऱ्या मुलाच्या बोटाचं काय, हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो. मामा विषय बदलतात.

काम मिळालं. पिना वेळेवर जातात, आणि रिजेक्शन मामांच्या मते शून्य आणि मुलीच्या मते शून्याच्या जवळ. अडचण एवढीच की मामांचा बाकीचा माल जिथे जातो त्या जुन्या कंपनीकडून पैसे येत नाहीत. लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत चुकतं करायचं, नाही तर चक्रवाढ व्याज, असं 2006 चा कायदा सांगतो. वेळेत न दिलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येणार नाही, अशी तरतूद 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही आहे. मामांना कलमं तोंडपाठ आहेत. तक्रार मात्र ते करणार नाहीत, कारण तक्रार केली की पुढचं शेड्यूल येत नाही. ते फक्त फोन करतात. पलीकडून उत्तर येतं, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

तेव्हा वाचकांपैकी कुणी पुण्याच्या आसपासच्या एखाद्या मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स किंवा खरेदी खात्यात असेल, तर एवढी विनंती आहे. टेबलावरच्या ढिगात भोसरीचं एखादं बिल असेल, कोपऱ्याला ऑइलचा अंगठा उमटलेला असेल. ते जरा वर काढा. 45 दिवस कधीच होऊन गेलेत. आणि पैसे सोडल्यावर फोन करायचा असेल तर गुरुवारी करू नका. गुरुवारी मामा आमच्या शेजारच्या काकूंकडे असतात.